चतुर्दशीचं पान

लीलावतीबाई नागपूरहून यायच्या आदल्या दिवशी उपेंद्रने आपल्या मेलेल्या मुलाचा फोटो भिंतीवरून उतरवला. नुसता उतरवला नाही, तर रिकाम्या खिळ्यावर घड्याळ टांगलं आणि दोन पावलं मागे येऊन ते सरळ लागलंय का तेही पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "बघ, कळतसुद्धा नाही."

संध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग आता इतक्या वेळा मस्तकात जाऊन आली होती की तिला वाट पाठ झाली होती.

"आणि तो क्रॉस?" उपेंद्रने विचारलं.

क्रॉस म्हणजे चांदीचा, अंगठ्याएवढा, जांभळ्या फितीचा. लढाईत मूल गेलं की कॅनडाचं सरकार आईला तो देतं. मागच्या बाजूला अनिमेषचं नाव आणि लष्करातला नंबर कोरलेला होता. संध्याने फोटो आणि क्रॉसची डबी उचलली, जिना चढून वर गेली आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या त्या उबदार कपाटात, टॉवेलांच्या चळतीखाली दोन्ही सारून दिलं.

"सहाच आठवडे गं," खालून आवाज आला. "आईचं बायपास झालंय. ब्याऐंशी वर्षांची आहे. उगाच कशाला?"

'उगाच कशाला' हे त्या घराण्याचं ब्रीदवाक्य होतं. उपेंद्रच्या वडिलांना कॅन्सर झाला तेव्हा त्यांना अल्सर सांगितलं. धाकट्या आत्याचा घटस्फोट झाला तेव्हा लीलावतीबाईंना तीन वर्षं ती माहेरपणाला आलेली वाटत होती. सगळ्यांनी सगळ्यांपासून काहीतरी लपवायचं, आणि त्याला माया म्हणायचं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी अनिमेष गेला आणि 'आजीला कळवायचं नाही' असं ठरलं, तेव्हा त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. ऑगस्टात फोन केला की तो परीक्षेत असे, डिसेंबरात प्रोजेक्टवर. दर रविवारी आयर्लंडच्या दुपारी बारा वाजता, म्हणजे नागपुरात दिवेलागणीच्या जरा आधी, संध्या सासूला फोन करी. सासू पहिला प्रश्न विचारी, "अनिमेष कसा आहे?" संध्या सांगे, "मजेत आहे, आई." मग हवापाण्याचं बोलणं होई.

पण संध्याचा राग या खोटेपणावर नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं. तिचा राग त्याच्या आधीच्या खोटेपणावर होता, जो तिच्याशी झाला होता.

अनिमेष दहा वर्षांचा असताना ही मंडळी कॅनडाला गेली. पाच वर्षांनी नागरिकत्व मिळालं. शपथ घेऊन घरी आल्यावर उपेंद्रने प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली आणि मुलाला समोर उभं करून सांगितलं, "आता हाच आपला देश. याचं मीठ खायचं, याला जागायचं." भाषण चांगलं झालं. संध्याने त्या दिवशी श्रीखंड केलं होतं. पुढे २००८ साली एका कंपनीने डब्लिनला मोठी जागा देऊ केली, तेव्हा उपेंद्र 'आपला देश' सोडून महिनाभरात आयर्लंडला आला आणि नावनला घर घेतलं, कारण डब्लिनपेक्षा स्वस्त. धाकटी रेवा बारा वर्षांची होती, ती बरोबर आली. अनिमेष तिकडेच युनिव्हर्सिटीत राहिला. बापाने जे बोलून सोडून दिलं, ते पोराने खरं धरलं होतं.

ते खरं धरायला त्याला कारणही होतं. न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या बसमध्ये दोन मुलांनी त्याला 'तालिबान' म्हणून हाक मारली आणि ते नाव त्याला शाळा संपेपर्यंत चिकटलं. नागपूरच्या कीर्तनकार जोशीबुवांच्या पणतवाला! उपेंद्र म्हणाला, दुर्लक्ष कर. अनिमेषने दुर्लक्ष केलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तो लष्कराच्या राखीव दलात दाखल झाला, शनिवार-रविवारच्या कवायतीला. संध्याने धसकून विचारलं तेव्हा उपेंद्र म्हणाला, "अगं, आपल्या एनसीसीसारखं असतं ते. शिस्त लागेल."

आणि २००९च्या हिवाळ्यात अनिमेषने सांगितलं की कॉलेजतर्फे आठ महिने कामाचा अनुभव घ्यायचा आहे, दुबईला. संध्या खूश झाली. दुबई म्हणजे नागपूरच्या वाटेवर. येताजाता आजीला भेट, म्हणाली. तिने इथल्या मैत्रिणीला, वृंदाला सांगितलं, माहेरी सांगितलं, ती काम करायची त्या औषधांच्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या बायांनाही सांगितलं. तो फोन करी तेव्हा मागे वाऱ्याचा आवाज येई. ती विचारी, "केवढी रे धूळ तिकडे?" तो म्हणे, "वाळवंट आहे ना, आई."

जूनमधल्या एका सकाळी दारावर दोन माणसं आली. एक गणवेशातली बाई आणि एक पाद्री. संध्याच्या हाताला कणीक लागलेली होती. बाईने नाव विचारलं, मग म्हणाली, तुमचा मुलगा कंदहारमध्ये मृत्युमुखी पडला आहे. आणि संध्या, देवा रे, संध्या चक्क हसली. म्हणाली, तुम्ही चुकीच्या घरी आलात, माझा मुलगा दुबईला असतो. तिने त्यांना शेजारचं घर दाखवलं, रस्त्यापलीकडचं दाखवलं. तिला वाटलं, कुणा दुसऱ्या बाईवर हा डोंगर कोसळायचा आहे, आणि तिला त्या दुसऱ्या बाईची दयासुद्धा आली. मग मागून उपेंद्र जिन्यावरून उतरला आणि तिसऱ्या पायरीवर मटकन खाली बसला. त्याचं तोंड पाहिलं तेव्हा तिला कळलं की त्याला सगळं माहीत होतं.

"त्यानेच सांगितलं होतं, आईला कळवू नका म्हणून," उपेंद्र नंतर म्हणाला. "तू आठ महिने झोपली नसतीस. उगाच कशाला?"

ती आठ महिने छान झोपली होती. हेच तिला सहन होत नव्हतं. पोराच्या डोक्यावर मरण घिरट्या घालत होतं आणि ती इकडे पडद्यांचं कापड निवडत होती. तिने एक उपास केला नाही, एक नवस बोलली नाही, दिवा लावून बसली नाही. त्याने काही वाचलं नसतं, हे तिलाही कळत होतं. पण आईला काळजी करायचा हक्क असतो, आणि तो या दोघा बापलेकांनी परस्पर आपसात वाटून घेतला होता.

ते कॅनडाला गेले. लष्करी विमानतळावर पेटी उतरवली आणि तिथून टोरंटोपर्यंत दोन तासांच्या रस्त्यावर गाड्यांची रांग निघाली. त्या हमरस्त्यावर एकामागून एक पूल येतात. प्रत्येक पुलावर माणसं उभी होती. बंबवाले बंबावर चढून सलाम ठोकत होते, शाळेच्या पोरी झेंडे धरून होत्या, चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा छातीवर हात ठेवून होता. तिने अठ्ठावीस पूल मोजले आणि मग मोजणं सोडलं. या सगळ्या अनोळखी माणसांना ठाऊक होतं की अनिमेष लढाईत आहे. तिने गाडीत नवऱ्याकडे वळून लग्नानंतर पहिल्यांदा त्याला एकेरी हाक मारली. "सगळ्या जगाला माहीत होतं, उपेंद्र. तू मला एकटीला वगळलंस." उपेंद्र काच खाली करून पुलांकडे बघत राहिला.

इकडे आल्यावर त्याने मराठी मंडळींत 'गाडीचा अपघात' सांगितलं. गाडी होतीच. गाडीखाली पुरलेला सुरुंग त्याने गाळला, एवढंच. लोक विचारतील, मराठी घरातला पोरगा परक्याच्या लढाईत कशाला गेला? त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

संध्या मात्र उत्तर शोधायला बसली. नावनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली, इंटरनेट उपसलं. मनोरे पाडणारे अफगाण नव्हते, हे तिने वाचलं. कॅनडा गेला तो अमेरिकेच्या दोस्तीखातर, करारापायी, हे वाचलं. मग पहिलं कारण जुनं झालं तेव्हा शाळा बांधण्याचं आलं, पोरींना शिकवण्याचं आलं, धरण दुरुस्त करण्याचं आलं. दीडशेच्या वर पोरं पेटीतून परत गेली, आणि २०११मध्ये सरकारने लढाईवरची फौज काढून घेतली. संपलं म्हणे. अनिमेष गेला त्याला तेव्हा तेरा महिने झाले होते. कारणं इतकी होती की एकही धड नव्हतं. दहा वर्षं ज्याला त्याला वेगळं कारण सांगायचं आणि शेवटी दिवे मालवून निघून जायचं, ही जर राज्यकर्त्यांची रीत, तर तिच्या नवऱ्याला नावं ठेवून काय उपयोग, असं तिला एकदा वाटून गेलं. मग तिने त्यालाही नावं ठेवली आणि त्यांनाही.

त्यात हे नावन गाव. इथे रेडिओवर रोज सकाळी कोण गेलं ते नावपत्त्यासकट वाचून दाखवतात आणि लोक चहाचा कप हातात धरून ऐकतात. दुकानात बाया येत, औषधाच्या चिठ्ठीबरोबर आपापली मेलेली माणसं काढत, नवरा, भाऊ, चाळीस वर्षांपूर्वीचं तान्हं बाळ. संध्याला वाटे, आपणही काउंटरवर हात ठेवून एकदा सांगावं. पण घरात रीत नव्हती.

लीलावतीबाई सप्टेंबरच्या शेवटी आल्या. बॅगेत गोडा मसाला, सांडगे, भिंतीवर लावायचं मराठी कॅलेंडर आणि अनिमेषसाठी तीन पत्रिका. "धंतोलीची एक मुलगी आहे, एमटेक," त्या विमानतळावरच म्हणाल्या. "त्याला म्हणावं फोटो तरी पाहा. केवढा कामाचा बाऊ करून राहिला हा पोरगा! आजी समुद्र ओलांडून आली, तर याला चार दिवस सुट्टी नाही?"

"येईल, आई. दिवाळीला बघू," उपेंद्र म्हणाला आणि इथल्या लोकांसारखं जोडलं, "ऑल ग्रँड, सगळं मजेत."

रेवाने त्या रात्री जेवताना ताट सारलं. सोळा वर्षांची पोर, मराठी सगळं समजायची, बोलायची आयरिश सुरातली इंग्रजी. "आय एम नॉट लायिंग टू हर, बाबा," ती म्हणाली आणि तेव्हापासून आजीसमोर ती जवळजवळ मुकीच झाली. आजीला वाटलं, वयात आल्या मुली की असंच.

पितृपक्ष लागला. पंचमीला उपेंद्रच्या वडिलांचं श्राद्ध होतं. लॅपटॉपवर नागपूरचे गुरुजी मंत्र सांगत होते, आवाज अडकत होता, उपेंद्र सोवळं नेसून तीळपाणी सोडत होता. सगळं आटोपल्यावर लीलावतीबाई खुर्ची ओढून कॅलेंडरापुढे बसल्या आणि बोट फिरवत मोठ्याने वाचू लागल्या. षष्ठीला वन्सं, नवमीला सासूबाई, अमावास्येला राहिलेले सगळे. बोट चतुर्दशीवर थांबलं.

"शस्त्राने गेलेल्यांची चौदस," त्या म्हणाल्या. "आपल्या कुळात या दिवशी पान नाही लागलं कधी. रझाकारांच्या वेळी नाही, कधी नाही. देवाची कृपा गं, संध्या."

संध्या ताटं उचलत होती. तिने ती पुन्हा टेबलावर ठेवली. उपेंद्रने सोवळ्यातच तिच्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून.

चतुर्दशी रविवारी होती. त्याच दिवशी उपेंद्रने गुरुनाथ आणि वृंदाला डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनहून जेवायला बोलावलं होतं, आईची ओळख करून द्यायला. फोनवर त्यांना पढवूनही ठेवलं होतं, "आईसमोर तो विषय नको हं." गुरुनाथ त्याच्याच कंपनीत होता. म्हणाला, "नो वरीज."

संध्या पहाटे उठली आणि कामाला लागली. शनिवारीच डब्लिनला मूर स्ट्रीटच्या बाजारात जाऊन अळूची पानं आणि केळीची पानं घेऊन आली होती. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूवडी, कढी, भेंडी, कारलं, आमसुलाची चटणी. कांदा नाही, लसूण नाही. उपेंद्र खाली आला तेव्हा वड्यांचा वास घरभर सुटला होता. त्याने कढईत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय चाललंय, संध्या? पाहुणे येतायत."

"येऊ देत की. जेवायलाच येतायत."

"आईला कळेल."

"त्यांना आपल्या नातवाचं कळू नये, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?"

"तिचं हृदय—"

"माझं काय होतं? मला दगड होता का छातीत?" संध्याने झारा ओट्यावर आपटला. "तुम्ही बोला किंवा गप्प बसा. मी पान वाढणार आहे. वर्षातून एक दिवस त्याचा आहे, तो मी भेंडीच्या भाजीमागे लपवणार नाही."

दीड वाजता पाहुणे टेबलाशी बसले. लीलावतीबाईंनी वृंदाच्या माहेरची चौकशी केली, दोन ओळखी निघाल्या, सगळं रीतसर चाललं होतं. सगळ्यांना साध्या ताटल्या होत्या. मग संध्याने केळीचं पान आणलं आणि खिडकीखाली जमिनीवर मांडलं. पाट नाही, रांगोळी नाही, पानाचं तोंड दक्षिणेला. ती गुडघ्यावर बसून एकेक पदार्थ वाढू लागली.

लीलावतीबाईंनी चष्मा सारखा केला. बिनरांगोळीचं पान कशाचं असतं हे त्या बाईला सांगायला नको होतं. "आज चौदस," त्या म्हणाल्या. "हे कोणाचं पान, संध्या?"

संध्या उठली. ती सासूकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. तिने त्याला शेवटची संधी दिली, आणि तो ती घेईल असं तिला खरंच वाटलं होतं.

"अगं आई, ते..." उपेंद्रने घसा खाकरला. "माझा एक कॅनडातला मित्र होता. तो गेला. संध्याला आपलं वाटलं..."

"अनिमेषचं आहे," संध्या म्हणाली.

वृंदाचा चमचा ताटलीवर पडला. रेवा जिन्यात उभी होती, ती तिथेच बसली.

उपेंद्र लीलावतीबाईंच्या खुर्चीपाशी धावला, गोळी शोधू लागला, पाणी आणा म्हणाला. त्यांनी त्याचा हात असा झटकला की पेला कलंडला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं चार महिने झाले," संध्याने सांगितलं.

म्हातारीचे ओठ हलत होते. ती हिशेब करत होती. "दोन वाढदिवस," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी त्याच्या फोटोला ओवाळलं. उदंड आयुष्य दे म्हणून गणपतीला सांगितलं. गणपती हसला असेल मला." मग ती टेबलाकडे वळली. गुरुनाथकडे पाहिलं, वृंदाकडे पाहिलं. या माणसांना ती तासाभरापूर्वी पहिल्यांदा भेटली होती. "तुम्हाला माहीत होतं?"

गुरुनाथ ताटलीत बघत राहिला. वृंदाने पदर तोंडाला लावला.

"माझ्या नातवाचं या पोरांना माहीत होतं. नागपुरात?"

"प्रतापदादांना," थोरल्या भावाचं नाव घेत उपेंद्र पुटपुटला. "आणि... घरच्यांना."

"म्हणजे सगळ्यांना. सगळ्यांना माहीत, आणि मला एकटीला नाही."

संध्याला ते सगळं आठवलं. ती गाडी, ते पूल, ते वाक्य. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला फार बरं वाटलं. शेवटी कोणीतरी तिचा राग रागवत होतं. ती सासूजवळ जाऊन उभी राहिली, तिच्या बाजूला, नवऱ्याच्या समोर.

लीलावतीबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत बाजू वगैरे काही नव्हतं.

"तू लांब उभी राहा," त्या म्हणाल्या.

"आई, मी तर..."

"याचं मी समजू शकते. हा लहानपणापासून घाबरट. प्रगतिपुस्तक गादीखाली ठेवायचा. पण तू? दर रविवारी बारा वाजता कोण बोलत होतं माझ्याशी? शंभराच्या वर रविवार झाले असतील. एका तरी रविवारी तुझी जीभ अडखळली? मजेत आहे म्हणून सांगून राहिली होतीस. मजेत!"

संध्याने तोंड उघडलं. तिच्याकडे दोन वर्षांचा राग साठलेला होता, सगळ्या जगाला पुरून उरेल एवढा. त्यातलं एकही वाक्य या वेळी कामाला येईना. यांनी सांगितलं म्हणून, तुमच्या हृदयासाठी म्हणून. उगाच कशाला म्हणून. तिला आपलाच आवाज फोनवर ऐकू आला, गोड, घरगुती, सराईत.

"घरात कोणी गेलं की दहा दिवस सुतक धरायचं," लीलावतीबाई आता कोणाकडेच न बघता बोलत होत्या. "उशिरा कळलं तर तीन. वर्ष उलटून कळलं तर काय, ठाऊक आहे? नुसती आंघोळ. माझ्या मांडीवर वाढलेला पोरगा, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी एक आंघोळ ठेवली." त्या टेबलाला धरून उठल्या. उपेंद्र पुढे झाला. "हात लावायचा नाही. जेवायचंही नाही कोणी, मी येईपर्यंत."

त्या एकेक पायरी चढून वर गेल्या. रेवाने त्यांना वाट दिली आणि त्यांच्या मागून गेली. वर हॉट प्रेसचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग शॉवर सुरू झाला. खाली चार मोठी माणसं गार होणाऱ्या जेवणापुढे बसून राहिली. गुरुनाथने एकदा घड्याळाकडे पाहिलं, त्या नव्या घड्याळाकडे, आणि नजर खाली घातली. उपेंद्र रडत होता, पण संध्याला त्याचं काही वाटलं नाही आणि आपलंही काही वाटेना. ती पानाजवळ जमिनीवर बसली. खिरीवर साय धरली होती.

लीलावतीबाई उतरल्या तेव्हा पांढरे केस ओले होते आणि पाठीवर मोकळे सोडलेले होते. रेवाने त्यांचा दंड धरला होता. त्यांच्या एका हातात फोटो होता आणि दुसऱ्यात ती डबी. "टॉवेलांखाली ठेवलं होतंत," त्या म्हणाल्या. फोटोतला अनिमेष गणवेशात होता, उन्हाने डोळे बारीक केलेला. त्यांनी तो पानामागे भिंतीला टेकवून ठेवला. क्रॉस पानाजवळ ठेवला. मग त्या स्वतः, बायपास झालेल्या, ब्याऐंशी वर्षांच्या, हळूहळू करत जमिनीवर संध्यासमोर बसल्या.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"रविवार," संध्या म्हणाली.

"फोनची वेळ टळली. पण विचारते." त्यांचा आवाज फोनवर असायचा तसाच होता, जरासा चढा, लांबवर पोचावा म्हणून. "अनिमेष कसा आहे?"

उपेंद्र उठून काही म्हणू लागला. "तू बस," लीलावतीबाई म्हणाल्या. "तुझी पाळी आहे नंतर. प्रतापला फोन लावशील, आणि मी शेजारी बसून ऐकेन. संध्या, मी काहीतरी विचारलं."

संध्याने क्रॉसकडे पाहिलं, मग फोटोकडे. अडीच वर्षांत ती इतकं वाचून बसली होती, मनोरे, करार, धरणं, आणि त्यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"अनिमेष गेला, आई," ती म्हणाली. "कंदहारला. लढाईत. गाडीखाली सुरुंग होता. आठ जूनला, सकाळी. मला माहीत नव्हतं तो तिथे आहे म्हणून. आणि मग मला माहीत झालं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

"हां," लीलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत. "आता पहिल्यापासून सांग. कोणती लढाई ती, आणि आपलं पोरगं तिच्यात कसं गेलं ते."